वाकड्या पायाचा ओळंबा



मालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले तेव्हा विषय कोणता घ्यावा असे आम्ही त्यांना विचारले. "गुडघ्यावर बोला," ते म्हणाले, "निम्म्या श्रोत्यांचे दुखतच असतात." आत्ता या मंडपाच्या पायऱ्या चढताना कठड्याला हात लावून येणारी मंडळी आम्ही पाहिली, आणि चालकांचा अंदाज चुकीचा नव्हता अशी खात्री पटली. परंतु नुसत्या गुडघेदुखीवर बोलण्याचा आमचा बेत नाही. तेल कोणते लावावे, लसूण खावी की मेथी, याविषयी आपणांपैकी प्रत्येकाकडे आमच्यापेक्षा अधिक माहिती असेल. आम्ही बोलणार आहोत ते ज्यांचे पायाचे हाडच वाकडे आहे अशा माणसांच्या गुडघ्याविषयी. अशी माणसे थोडी असतात. पण त्यांच्या निमित्ताने चांगल्या, सरळ पायाचे रहस्यही कळते.

येताना आम्ही एका गवंड्याकडून हा ओळंबा मागून आणला आहे. भिंत सरळ उभी आहे की नाही हे गवंडी डोळ्यांनी ठरवीत नाही, दोरी सोडून ठरवतो. हे तरुण स्वयंसेवक जरा पुढे येतील काय? पाय थोडे अंतरावर ठेवून उभे राहा. आता जांघेच्या घडीच्या मधोमध दोरीचे टोक धरू. खुब्याच्या सांध्याचा मध्य साधारण याच जागी, पण खोलवर असतो. पाहा, दोरी कोठून गेली? गुडघ्याच्या वाटीच्या जवळजवळ मधून, आणि खाली घोट्याच्या मध्यावर. शरीराचा भार याच रेषेने जमिनीत उतरतो. मांडीचे हाड स्वतः तिरपे असते. खुब्यापासून ते आत झुकत येते, आणि त्याची दिशा व या दोरीची दिशा यांत सुमारे सहा अंशांचा फरक असतो. म्हणून सरळ पाय म्हणजे सरळ हाडे असे नव्हे. सरळ पाय म्हणजे खुबा, गुडघा आणि घोटा हे तिघे एका ओळंब्यात असणे.

आता हा ओळंबा चुकला म्हणजे काय होते? उंचीने मध्यम अशा माणसाचा पाय गुडघ्यात पंधरा अंश बाहेर फाकला असे धरा. लहानसा हिशेब केला तर गुडघ्याचा मध्य भाररेषेपासून सुमारे पाच सेंटिमीटर बाहेर जातो. गुडघ्याच्या सांध्याची रुंदीच मुळी साडेसात सेंटिमीटरांच्या आसपास. म्हणजे भार सांध्याच्या आतल्या कडेवरून नव्हे, कडेच्याही पलीकडून जाऊ लागतो. आतल्या बाजूची कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचे ते गुळगुळीत आवरण, झिजते. मग हाड हाडावर घासते, नडगीचा माथा आतल्या अंगाला खचतो, त्यामुळे पाय आणखी फाकतो, आणि फाकल्यामुळे आणखी झिजतो. कर्जाच्या व्याजावर व्याज चढावे तशी ही गोष्ट आहे. फेंगड्या पायाची म्हातारी माणसे डुलत चालतात त्याचे कारण हेच.

असा गुडघा बदलतात म्हणजे काय करतात, याविषयी लोकांत मोठा गैरसमज आहे. आख्खा गुडघा काढून पेटीतला नवा बसवतात असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. मांडीच्या हाडाच्या टोकाचे साधारण नऊ मिलिमीटर आणि नडगीच्या माथ्याचे तितकेच, एवढे हाड करवतीने काढून त्यांवर धातूच्या टोप्या बसवतात. दाताला टोपी बसवतात तशा. मध्ये एका चिवट प्लॅस्टिकची चकती असते. बाजूचे दोन अस्थिबंध, म्हणजे सांध्याला दोहों अंगांनी बांधून ठेवणारे दोर, ते मात्र आपलेच राहतात. टोप्या कितीही उत्तम असल्या तरी हे दोर दोन्हीकडे सारखे ताणलेले नसतील तर गुडघा डगमगतो. खाटेच्या विणीसारखे आहे हे. एका अंगाची सुंभ सैल असली की खाट चांगल्या लाकडाची असून उपयोग नाही.

ही कला फार जुनी नाही. 'ऑर्थोपेडिक्स' हा शब्द निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली आपल्या पुस्तकाला नाव म्हणून घडवला आणि त्यात वाकड्या रोपाला खुंटाशी बांधल्याचे चित्र छापले; आजही जगभरचे अस्थिवैद्य ते चिन्ह म्हणून मिरवतात. १८९० साली बर्लिनच्या थेमिस्टोक्लेस ग्लुकने हस्तिदंताचा गुडघा बसवून पाहिला. त्याचे रोगी क्षयाने सडलेल्या सांध्यांचे होते. पू झाला आणि तो प्रयोग फसला. आज आपण बसवतो त्या गुडघ्याचा पूर्वज १९७४ साली न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केला, आणि त्या सहकाऱ्यांत इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून तिकडे गेलेले डॉ. चित्तरंजन राणावत होते. २००० साली आणि पुन्हा २००१ साली तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांनीच बदलले. त्या बातमीनंतर आपल्याकडे या शस्त्रक्रियेची भीती निम्मी कमी झाली असे आमचे मत आहे. आमच्या दवाखान्यात तर "वाजपेयींचा केला तोच करा" म्हणणारे पुष्कळ आले.

असो. मूळ मुद्द्याकडे वळू. पाय वाकडा असण्याचे दोन प्रकार आहेत. एकात वाकडेपणा सांध्यातच असतो, झिजेमुळे आलेला. तो कितीही भयंकर दिसला तरी करवत जेथे चालणार तेथेच तो असल्याने सुधारणे शक्य असते. हाडाच्या वाढलेल्या कडा काढाव्या लागतात, आवळलेले दोर थोडेथोडे सैल करावे लागतात, खचलेल्या जागी कापलेल्याच हाडाचा तुकडा किंवा धातूची पाचर भरावी लागते. दुसऱ्या प्रकारात वाकडेपणा सांध्याच्या दूर, हाडाच्या दांड्यात असतो. लहानपणचा मुडदूस, वाकडे जुळलेले जुने मोडलेले हाड, क्वचित पूर्वीची एखादी शस्त्रक्रिया, अशी त्याची कारणे. आणखी एक कारण जमिनीखालून येते: पाण्यातला फ्लोराइड. १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात या रोगाची नोंद झाली. पुढे नळगोंडा जिल्ह्यात गुडघे आत वळलेली मुले आढळली. आणि आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विहिरींतही हे विष आहे. या रोगावर खरी शस्त्रक्रिया विहिरीवर करावयाची असते, पायावर नव्हे. पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल.

दांड्यातला बाक गुडघ्याला किती भोवतो हे तो कोठे आहे यावर अवलंबून. हा फळा पाहा. मांडीचे हाड मधोमध वीस अंश वाकले असेल तर गुडघ्यापाशी त्याचा परिणाम दहा अंशांचा. तोच बाक खुब्याजवळ असेल तर परिणाम किरकोळ. आणि गुडघ्याच्या लगत असेल तर जवळजवळ पुरे वीस अंश. काठी ज्या जागी वाकवाल त्यावर तिचे टोक किती हलते हे ठरते, इतकेच.

येथे शस्त्रवैद्यापुढे प्रश्न उभा राहतो. बाक वर आहे, करवत खाली चालणार. मग वरचा बाक तसाच ठेवून खालचा काप तिरपा घेऊन ओळंबा साधावा, की वर हाड कापून आधी ते सरळ करावे? पहिली वाट सोपी. एकच जखम, आणि दुसऱ्या दिवशी रोगी उभा. दुसरीत हाड मुद्दाम मोडायचे, ते जुळेल की नाही याची काळजी वाहायची, आणि रोग्याला महिनोन् महिने जपायचे. सोप्या वाटेचा मोह कोणाला होत नाही? आम्हांला झाला होता.

काही वर्षांपूर्वी एक सेवानिवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. तरुणपणी सायकलवरून पडून मांडी मोडलेली, मधोमध वीस अंश वाकडी जुळलेली. दहा अंशांचा परिणाम. साडेसात सेंटिमीटर रुंदीवर दहा अंशांची पाचर म्हणजे तेरा मिलिमीटर. हिशेबात बसत होते, आणि अशा बेताच्या बाकाला खालचा काप पुष्कळदा पुरतो हेही खरे. आम्ही मांडीच्या हाडाचा काप बाहेरच्या अंगाला अधिक घेतला. तेवढी बाहेरची बाजू मोकळी झाली; तिच्या बरोबरीला यावे म्हणून आतला आवळलेला दोर सैल केला. पाय टेबलावर इतका सरळ आला की आम्ही स्वतःवर खूष झालो. पण गुडघा केवळ सरळ ठेवण्यासाठी नसतो. तो वाकला म्हणजे मांडीच्या हाडाचे खालचे टोक नव्हे, मागचा भाग नडगीवर टेकतो, आणि त्या मागच्या भागावर आमच्या तिरप्या कापाचा काहीच परिणाम झालेला नव्हता. दोर मात्र दोन्ही स्थितींत तोच. सरळ पायात बरोबर बसलेला दोर वाकलेल्या पायात ढिला पडला. नडगीच्या हाडावर असा काप घेतला असता तर ही अडचण आली नसती, कारण नडगीचा माथा सरळ आणि वाकलेल्या दोन्ही स्थितींत एकच असतो. हे आम्ही पुस्तकात वाचलेले होते. वाचलेले असणे आणि हाताला ठाऊक असणे यांत अंतर आहे.

गुरुजी सपाटीवर छान चालत. जिना उतरताना गुडघा दगा देई, खुर्चीतून उठताना हलत असे. सहा महिन्यांनी ते म्हणाले, "डॉक्टर, पाय सरळ झाला, पण माझा राहिला नाही." हे वाक्य आम्ही पुष्कळ वर्षे बरोबर बाळगून आहो. पुढे त्यांना दुसऱ्यांदा टेबलावर घेऊन मध्यभागी खुंटी असलेला, दोरांवर कमी विसंबणारा गुडघा बसवावा लागला. त्यांनी आम्हांला दोष दिला नाही. ती जबाबदारी आमची होती आणि ती आम्ही येथे आपल्यासमोर मान्य करीत आहो.

त्यानंतर माणदेशातल्या एक बाई आल्या. २०१८ साल. वय पासष्ट. १९७२ च्या दुष्काळात, एकोणिसाव्या वर्षी, तलावाच्या कामावर माती काढताना दरड अंगावर येऊन त्यांची मांडी मोडली. हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या आणि हाड जुळले. त्या काळी, त्या ठिकाणी, पाय वाचला हेच पुष्कळ; हाडवैद्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण हाड गुडघ्याकडच्या बाजूला, खुब्यापासून पाऊण अंतरावर, चोवीस अंश बाहेर वाकून जुळले होते. त्या पायावर बाईंनी सेहेचाळीस वर्षे संसार केला, शेत केले, चार मुलांची लग्ने केली. आता रात्री झोप नव्हती.

आम्ही त्यांना म्हणालो, "मावशी, पाय सरळ करावा लागेल."

त्या म्हणाल्या, "सरळ नगं, डाक्टर. वाकडाच हाय माझा. दुखायचं तेवढं थांबवा."

ही मागणी हसण्यासारखी नाही. अलीकडे आमच्या धंद्यात याच प्रश्नावर मोठा वाद चालू आहे. २०१२ साली बेल्जियममधील बेलेमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुण माणसांचे पाय मोजले, तेव्हा पुरुषांत शंभरांत बत्तीस व स्त्रियांत सतरा जणांचे पाय तीन किंवा अधिक अंश फेंगडेच निघाले, आणि ते दुखत नव्हते. म्हणजे प्रत्येकाला गवंड्याच्या ओळंब्यात बसवायलाच हवे काय? ज्याचा पाय जन्मभर दोनतीन अंश फाकलेला आहे त्याचा तो तसाच ठेवावा, असे म्हणणारा एक पक्ष आहे, आणि त्यात तथ्य आहे असे आम्हांस वाटते. परंतु दोनतीन अंश निराळे आणि बाईंचे अंश निराळे. हाडाचे अठरा, झिजेचे आठ, मिळून सव्वीस. इतक्या वाकड्या पायावर नवा गुडघा बसवला तर तो एकाच कडेवर भार घेऊन काही वर्षांत उखडेल. आम्ही हे त्यांना ओळंबा दाखवून सांगितले. त्यांचा मुलगा गवंडीकाम करणारा. त्याला एका क्षणात समजले. आईला पटवायला त्याला दोन दिवस लागले.

अठरा अंशांची पाचर म्हणजे बाहेरच्या अंगाला चोवीस मिलिमीटर, आणि टोपी बसायला आतूनही काही हाड काढावे लागते ते निराळे. बाहेरचा दोर हाडाला चिकटलेला असतो तो टोकापासून सुमारे पंचवीस मिलिमीटरांवर. म्हणजे खालच्या कापाने ओळंबा साधू गेलो असतो तर दोराचे मूळच करवतीखाली आले असते. कागदावर पेन्सिलीची रेघ ओढून हे आधीच पाहता येते. मात्र त्यासाठी खुब्यापासून घोट्यापर्यंत उभ्या पायाचा लांब एक्स-रे हवा. केवळ गुडघ्याचा एक्स-रे पाहून अशी शस्त्रक्रिया ठरवणे म्हणजे एक वीट पाहून भिंत सरळ आहे म्हणण्यासारखे आहे. आपणांपैकी कोणाची मांडी वा नडगी पूर्वी मोडलेली असेल तर एवढे लक्षात ठेवा आणि लांब एक्स-रे मागून घ्या.

दुसरी वाटही दोन तऱ्हेची. आधी हाड सरळ करून सहा महिन्यांनी गुडघा बदलावा, की एकाच बैठकीत दोन्ही उरकावे? जुन्या जखमेत कधी पू झाला असेल तर दोन बैठकांवाचून गत्यंतर नाही. बाईंची जखम बंद होती. दोनदा भूल, दोनदा अंथरूण, दोनदा मुलाचा रोजगार बुडणार. आम्ही एकाच बैठकीचा निर्णय घेतला. निर्णयाच्या आदल्या रात्री आम्हांला गुरुजींची आठवण आली हे लपवण्यात अर्थ नाही.

शस्त्रक्रियेचे वर्णन लांबवीत नाही. जुन्या जोडाच्या जागी बाहेरून हाडाची पाचर काढली, पोकळी मिटवली, हाड सरळ झाले. बाहेरून पट्टी आणि स्क्रू बसवले. काढलेल्या पाचरीचे बारीक तुकडे करून त्या जोडाभोवतीच रचले, कारण जुळण्याला त्याच्यासारखे खत नाही. मग गुडघा. एरवी मांडीच्या हाडाच्या पोकळीत एक लांब सळई घालून तिच्यावरून कापाची दिशा ठरवतात. येथे ती पोकळी सेहेचाळीस वर्षांपूर्वीच बुजलेली आणि आता स्क्रूंनी अडलेली. म्हणून संगणकाचे साह्य घेतले. ही युक्ती १९९७ साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथे प्रथम गुडघ्यासाठी वापरली गेली. हाडाला एक खूण लावतात, कॅमेरा ती पाहतो. मांडी गोल फिरवली की ती खूण वर्तुळात फिरते, आणि वर्तुळावरून कंपासचे टोक कोठे टेकले असेल ते जसे काढता येते तसा खुब्याचा मध्य संगणक काढतो. हाडात सळई न घालताच ओळंबा मिळतो. वाकड्या पायांसाठी या पद्धतीचा विचार आपल्या मुंबईत चांगला झालेला आहे, डॉ. अरुण मुल्लाजी व डॉ. गौतम शेट्टी यांचे गुडघ्याच्या व्यंगसुधारणेवरचे इंग्रजी पुस्तक २०१४ साली निघाले, आणि आम्ही त्यावरून शिकलो आहो. हल्ली वर्तमानपत्रांत यंत्रमानवाच्या मोठाल्या जाहिराती येतात. यंत्रमानव सांगाल तेथे सुबक कापतो यात संशय नाही. कोठे कापायचे हे सांगणारा माणूसच असतो, आणि गुरुजींच्या गुडघ्याचा काप आम्ही सुबकच घेतला होता.

या वेळी गुडघा सरळ ठेवून दोर पाहिले, काटकोनात वाकवून पाहिले, पुन्हा सरळ करून पाहिले. दोन्हीकडे ताण सारखा. साडेतीन तास लागले.

सर्वच वाकडे पाय बाहेर फाकलेले नसतात. गुडघे आत वळलेल्या पायात भीती निराळी असते: गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, नडगीशेजारच्या बारीक हाडाला वळसा घालून एक मज्जातंतू जातो. वर्षानुवर्षे आखडलेला पाय एकदम सरळ केला की तो ताणला जातो आणि पाऊल लुळे पडू शकते. म्हणून शुद्धीवर आलेल्या रोग्याला आम्ही पहिला प्रश्न "दुखते का?" असा विचारीत नाही, "अंगठा वर उचला" असे सांगतो.

खर्चाविषयी कोणी विचारील, तर पूर्वी एका गुडघ्याच्या साहित्याला दीड लाखांच्या वर पडत. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने किंमत बांधली आणि कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या गुडघ्याची मर्यादा करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये ठरवली. बाई त्यानंतर आल्या हे त्यांचे भाग्य. टिकाऊपणाविषयी म्हणाल, तर परदेशांतील मोठ्या नोंदवह्यांवरून २०१९ साली जो हिशेब प्रसिद्ध झाला त्यात शंभरांतील ब्याऐंशी गुडघे पंचवीस वर्षे टिकल्याचे आढळले. मात्र शस्त्रक्रियेनंतर पाचांतील एखादा मनुष्य फारसा समाधानी नसतो हेही कळलेले आहे, आणि ते जाहिरातीत नसते. ज्याचा गुडघा थोडा दुखतो त्याने घाई करू नये, हे त्याचे एक कारण. ज्याचा पाय दरवर्षी अधिक वाकत आहे त्याने मात्र थांबण्यात शहाणपण नाही. हाड खचत जाते आणि पुढचे काम दुप्पट होते.

बाईंना सहा आठवडे पाय नुसता टेकवण्याची परवानगी होती. हाड तीन महिन्यांत धरू लागले, पाचव्या महिन्यात पुरे जुळले. काठी त्यांनी त्याच्या आधीच टाकली होती, आम्हांला न विचारता. खाली उकिडवे बसू नका असे आम्ही सांगितले तेव्हा त्या गप्प राहिल्या. खेड्यातल्या बाईला उकिडवे बसू नका म्हणजे काय काय सोडा असे आपण सांगतो, याचा शहरातल्या डॉक्टरला अंदाज नसतो. मुलाने परसात कमोड बसवून दिला. ज्वारी त्या आता खुर्चीत बसून निवडतात, आणि त्याबद्दल सुना हसतात असे त्यांनीच सांगितले.

वर्षाने त्या पुन्हा आल्या, त्या तक्रार घेऊनच. चालताना डावीकडे झोक जातो म्हणाल्या. आम्ही घाबरलो, एक्स-रे काढला, दोर तपासले, सर्व ठीक. मग आमच्या परिचारिकेचे लक्ष त्यांच्या वहाणांकडे गेले. वाकडा पाय आखूड पडत असे म्हणून गावच्या चांभाराने फार वर्षांपूर्वी उजव्या वहाणेच्या तळाला चामड्याचे तीन थर चढवून दिले होते, आणि वहाण बदलली तरी थर तसेच चढत आले होते. सरळ झालेला पाय दीड सेंटिमीटर लांब झाला होता. बाईंनी ती वहाण तिथेच काढून मुलाच्या हातात दिली. संध्याकाळच्या गाडीआधी त्याने स्टँडबाहेरच्या चांभाराकडून दोन थर काढून आणले. तिसरा राहू द्या, असे आम्ही सांगितले होते.